बर्फाखालची म्हातारी कुणाची?

तुमच्या डोक्यातली गोष्ट तुमचीच आहे, असं तुम्ही सही करून लिहून द्याल का? थांबा, लगेच मान डोलवू नका. उद्या ती दुसऱ्या कुणाची निघाली तर छापलेलं सगळं लगद्यात जाईल, असंही त्याच कागदावर लिहिलेलं असेल तर? आता करता सही?

बघा, पेन खाली ठेवलंत. अमेरिकेतल्या रसीन गावच्या लव्हॉन क्लाविटरनेही ठेवलंय. आणि ही बाई पेनच काय, लाटणंसुद्धा सहजी खाली ठेवणाऱ्यातली नाही.

लव्हॉन रसीनमध्येच जन्मली. बाप पोलिश, आई डेनिश, आणि दोघांचं पटायचं ते फक्त जेवायला बसल्यावर. शाळा संपली तशी ती क्रिंगलच्या, म्हणजे पदरांच्या डेनिश गोड पावाच्या, बेकरीत लागली. लोण्याचे पदर लाटता लाटता तिचे खांदे असे भरले की नवऱ्याचा कोट तिला नेमका बसायचा. एकदा मालकाने फर्मान काढलं, ॲप्रन ज्याने त्याने आपल्या खर्चाने आणायचा. लव्हॉन भांडली नाही. दुसऱ्या दिवशी पॅकर्स या फुटबॉल संघाचा, मोहरीचे डाग पडलेला जुना टीशर्ट घालून ती काउंटरमागे उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या बायकाही. गिऱ्हाइकं हसायला लागली, मालकाला घाम फुटला, आठवड्याच्या आत ॲप्रन आले. तेव्हा समोर मालक होता, त्याला तोंड होतं, नाक होतं. या वेळी भांडायचं कुणाशी, हेच तिला उमगेना.

तिचा नवरा ड्वेन ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथवर होता. गेल्या नोव्हेंबरात गेला, हृदयाने घात केला. मागे राहिली बर्फावर मासे धरायला बसायची त्याची लाकडी खोपी, एक पिकअप गाडी, आणि तळघरातलं टेबल. या टेबलाभोवती तीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी खेळ चालला. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. एक जण गोष्ट चालवतो: तुम्ही जंगलात आहात, समोर दार आहे, काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र धरलेलं असतं. कुणी म्हणतो मी दार ढकलतो, कुणी म्हणतो मी आधी कान लावून ऐकतो. दार उघडलं की नाही हे फासे ठरवतात, आणि फासे कसे वाचायचे हे कंपनीचं नियमांचं पुस्तक ठरवतं.

गोष्ट चालवायचा ड्वेन. समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, आणि पुस्तक त्या आडोशामागे. बाकीच्यांनी त्या पुस्तकाला हात लावायचा नाही. तसं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं; पण परक्या बाईच्या पर्समध्ये जसा कुणी हात घालत नाही, तसा त्या पुस्तकाला कुणी घालत नसे. वाद पेटला की ड्वेन पुस्तक उचलायचा, चष्मा नाकावर ओढायचा आणि वाचून दाखवायचा. "पुस्तकात आहे," एवढं म्हणाला की टेबल गप्प.

लव्हॉन कधी खेळली नाही. ती वर स्वयंपाकघरात राजमा-मांसाची चिली ढवळायची, आणि जेवण तयार झालं की खाली हाका मारत बसण्यापेक्षा हातातला डाव गरम पाण्याच्या पाइपवर हाणायची. दोनदा सावकाश, एकदा झटकन. खाली फासे थांबायचे आणि जिन्यावर पावलं वाजायची.

म्हातारपणी ड्वेनने आपल्या खेळातली सगळ्यात गाजलेली मोहीम लिहून काढली. गोठलेलं सरोवर ओलांडून एका गावाला औषध पोचवायचं, अशी गोष्ट. कुणीही ते पुस्तक उघडावं आणि आपल्या टेबलावर तीच मोहीम चालवावी, अशा बेताने लिहिलेली. तो गेल्यावर ठरलं, की ती छापायची आणि उन्हाळ्यात खेळांच्या जत्रेत मांडायची. वर ड्वेनचं नाव. लव्हॉनला दुसरं काही नको होतं. कबरीवर कोरलेलं नाव कोण वाचतं? बर्फ पडला की तेही झाकलं जातं. पुस्तकावरचं नाव लोक वाचतील, फासे टाकतील, त्याच्या सरोवरावर घसरून पडतील.

छापायचं काम इमीने घेतलं. इमोजीन टॉफ्टे, खेळांच्या दुकानाची मालकीण, चाळिशीची, बोलायला फटकळ. तिने याआधी दोन-चार पुस्तिका काढल्या होत्या. तिने लव्हॉनला दुकानात बोलावलं, समोर कॉफी ठेवली आणि कंपनीचा परवाना ठेवला. तिथून घोळ सुरू झाला.

"कंपनी वाईट नाही," इमी म्हणाली. "ती म्हणते, आमच्या खेळाशी जुळणारं पुस्तक खुशाल काढा. पैसे नकोत, विचारायला दारात येऊ नका."

"मग झालं की."

"झालं कुठे? नियम वापरायचे. त्यांची नावं, त्यांची गावं, त्यांचे देव, त्यांची खास भुतं वापरायची नाहीत."

"घोडा?"

"घोडा चालेल. घोडा कुणाचाच नाही."

"ड्रॅगन?"

"ड्रॅगन चालेल. त्यांचा ड्रॅगन चालणार नाही."

"त्यांचा कसा ओळखायचा? त्याच्या कानात बिल्ला असतो का?"

"नावावरून, लव्हॉन."

"मग नाव बदललं की चालेल?"

इमीने जरा विचार केला. "चालेल. बहुतेक. फार तसाच दिसत नसला तर."

लव्हॉनने कॉफीचा घोट घेतला. ती आधीच गार झाली होती.

पुढे तर आणखी मजा. मुखपृष्ठावर कंपनीचा 'जुळतं' असं सांगणारा शिक्का छापायचा, पण तो पुस्तकाच्या नावापेक्षा मोठा दिसता कामा नये. त्याचा रंग बदलायचा नाही, तो तिरका करायचा नाही. आणि त्या शिक्क्याशिवाय कंपनीच्या खेळाचं नाव कुठेही काढायचं नाही.

"म्हणजे हे पुस्तक त्यांच्या खेळासाठी आहे, हे सांगायचं नाही?" लव्हॉनने विचारलं.

"सांगायचं, पण शिक्क्याने. तोंडाने नाही."

"आणि हे शेवटचं पान?"

"शेवटी परवाना जसाच्या तसा छापायचा. त्याखाली लिहायचं, आपल्या पुस्तकातलं काय दुसऱ्यांना उचलायला मोकळं आहे आणि काय आपण राखून ठेवलंय. आपण दुसऱ्या कुणाचं मोकळं उचललं असेल तर त्याचं नाव. त्याने ज्याचं उचललं त्याचंही नाव. आणि त्याने ज्याचं…"

"इमी, आपण आदमपर्यंत जाणार आहोत का?"

"आदमने परवाना घेतला नव्हता म्हणून तर बागेतून हाकलला," इमी म्हणाली. "आता मुद्दा ऐक. खाली सही करायची. यातलं सगळं एकतर आमचं आहे, नाहीतर मोकळं आहे, अशी हमी. खोटी निघाली तर कंपनी कळवते, ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करायचं. नाही केलं तर साठा नष्ट."

आता तुम्ही म्हणाल, यात चुकलं काय? कंपनीने आपलं राखलं, बाकीचं वाटलं. बरोबर आहे. वाटून दिलं हे खरंच चांगलं केलं, त्यावर हजारो गरीब लेखक पुस्तकं काढतात. पण हा कागद लिहिणारा माणूस कधी कुणाच्या तळघरात गुरुवारी बसला होता का? तीस वर्षं चार जण एका टेबलावर बोलतात, त्यातलं पुस्तकातलं किती आणि पोटातलं किती, हे वेगळं काढायची चाळणी त्याने कुठे विकायला ठेवली आहे? सही मात्र पाहिजे.

चाळण्याचं काम रोली पेत्रुसेककडे आलं. रोली निवृत्त पोस्टमन, ड्वेनचा शाळेपासूनचा दोस्त, पहिल्या गुरुवारपासून त्या टेबलावर बसलेला आणि आता त्यातला एकटाच उरलेला. मार्चमधल्या एका दुपारी तो लाल पेन्सिल घेऊन लव्हॉनच्या तळघरात उतरला. सोबत चीज कर्ड्सची, म्हणजे ताज्या चीजच्या गोळ्यांची, पिशवी. कंपनीचं जे दिसेल त्यावर काट मारायची, असं ठरलं होतं. लव्हॉन समोर बसून कपडे घड्या करत होती. दोन गावं गेली. एक देव गेला. एका चेटकिणीचं नाव गेलं, त्याजागी रोलीने आपल्या सासूचं नाव घातलं आणि स्वतःच हसला. मग पेन्सिल एका अख्ख्या पानावरून आडवी गेली.

"ते काय काढलंस?" लव्हॉनने विचारलं.

"म्हातारी. बर्फाखालची. ती कंपनीची."

"वाच तरी."

"वाचून काय, काढलीच आहे."

"रोली, वाच."

रोलीने वाचलं. सरोवर गोठलं की बर्फाखाली एक म्हातारी चालते. वरून जाणाऱ्यांच्या पावलाखाली ती ठोकते, दोनदा सावकाश, एकदा झटकन. जो थांबून खाली बघेल त्याला ती विचारते, जेवलास का? हो म्हणाला तर ती त्याला जाऊ देते, आणि त्या दिवसाची भूक कायमची ठेवून घेते. नाही म्हणाला तर बर्फ फुटतो. गप्प राहिला तर ती पलीकडच्या काठापर्यंत खालून चालत सोबत येते आणि वाट चुकू देत नाही.

लव्हॉनच्या हातात ड्वेनचा एक मोजा होता. अजून कसा काय धुण्यात येत होता कोण जाणे. तिने तो मांडीवर ठेवला.

"दोनदा सावकाश, एकदा झटकन," ती म्हणाली. "रोली, ती मी आहे."

"काय?"

"पाइपवर मी ठोकायची ना? आणि वर आलात की काय विचारायची?"

रोलीने डोकं खाजवलं. "अगं, जगात ठोकणारी तू एकटीच आहेस का? आणि जेवलास का, हे माझी आईसुद्धा विचारायची. ती काय बर्फाखाली राहायची?"

"तुझी आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. विषय बदलू नकोस. ही ड्वेनची आहे."

"कंपनीची आहे. मी या कानांनी ऐकलीय. याच खुर्चीवर. ड्वेनने पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवली, शब्द न् शब्द. पुस्तकात आहे, म्हणाला."

लव्हॉन उठली. आडोसा अजून टेबलावरच होता, आणि त्यामागे ते पुस्तक, कडा चिकटपट्टीने सांधलेलं. तिने सरळ ते उचललं.

"लव्हॉन, ते ठेव," रोली म्हणाला. आवाज असा, जणू ती चर्चमध्ये सिगारेट पेटवतेय.

"का?"

"ते चालवणाऱ्याचं आहे. आपण नाही बघायचं."

"चालवणारा गेला, रोली. आणि मी तुमच्या खेळात नाही." तिने पुस्तक मागून उघडलं. सूचीत म्हातारी नव्हती. बर्फ होता, तो कुणी घसरलं तर किती लागतं यापुरता. तिने भुतांचा भाग पानोपान उलटला, ओठ हलवत. राक्षस होते, लांडगे होते, चालणारी झाडं होती. म्हातारी नव्हती.

"बघ."

रोलीने पुस्तकाकडे पाहिलंच नाही. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "मग दुसऱ्या पुस्तकात असेल. नाहीतर मासिकात. कंपनीचं मासिक यायचं ना, दर महिन्याला? त्यात असायची असली भुतं."

ती मासिकं त्याच तळघरात खोक्यांतून होती. एका वसंतात पाणी शिरलं, तेव्हा त्यांचा लगदा झाला आणि ड्वेनने तो फावड्याने काढला. हे दोघांनाही आठवत होतं. रोली एकेक चीज कर्ड तोंडात टाकत राहिला, आणि ताजा असल्यामुळे तो दातांखाली चुईं चुईं वाजत होता. शेवटी लव्हॉनच म्हणाली, "तुला ती कंपनीची का हवी आहे?"

"हवी कशाला असेल? आहे म्हणून."

"कान लाल झालेत तुझे."

रोलीने पिशवीचं तोंड गुंडाळलं, परत उघडलं. मग सांगून टाकलं. त्याचं पहिलं पात्र होतं ओसगुड नावाचा चोर. सहा हिवाळे त्याने तो सांभाळला होता. कुलपं उघडणारा, कुणाला न मारणारा ओसगुड. तो त्या सरोवरावर मेला. म्हातारीने विचारलं, जेवलास का? रोलीला खरंच भूक लागली होती, तो म्हणाला नाही. बर्फ फुटला. रोली भांडला, की फासे टाकू दे, एक संधी दे. ड्वेनने पुस्तक उचललं, वाचलं आणि म्हणाला, संधी नाही, पुस्तकात आहे.

"मी मानलं," रोली म्हणाला. "घरी जाताना गाडीत रडलो, बायकोला सांगितलं सर्दी झालीय. पण मानलं. कारण पुस्तक ते पुस्तक. आणि आता तू म्हणतेस, त्याने मनानेच… आडोशामागे बसून वाचल्याचं सोंग केलं? माझ्याशी? मग तीस वर्षांत आणखी किती वेळा केलं?"

तिला वाटलं होतं, भांडण कंपनीशी आहे. म्हातारी ड्वेनची ठरली तर ड्वेन खोटारडा ठरतो. कंपनीची ठरली तर ड्वेन सच्चा राहतो, पण त्याच्या पुस्तकाचं काळीज कापून टाकावं लागतं. आणि ती आपणच आहोत असं आपल्याला दिसतंय, की दिसावंसं वाटतंय? नवरा गेलेल्या बाईला ढगातसुद्धा नवऱ्याची टोपी दिसते. तिने म्हातारीचं पान परत वाचलं. एकदा वाटलं, नक्की ड्वेन. दुसऱ्यांदा वाटलं, यात ड्वेनसारखं काहीच नाही, तो इतकं नीटनेटकं कधी बोलायचाच नाही. म्हणजे वाचूनच सांगितलं असणार. तिसऱ्यांदा तिने पान पालथं ठेवलं.

शुक्रवारी ती दोघं इमीला घेऊन तळलेले मासे खायला गेली. तिघांच्या पुढ्यात पर्च मासा, कोबीची कोशिंबीर, राईचा पाव. रोलीने चेरी घातलेली ब्रँडी मागवली आणि तिचा घोटही घेतला नाही.

"कंपनीला विचारलं," इमी म्हणाली. "उत्तर आलं."

"काय म्हणतात?"

"आपल्या पुस्तकात काय कुणाचं आहे, यावर आम्ही सल्ला देत नाही. परवाना नीट वाचावा."

"मी तो इतका वाचलाय की झोपेत म्हणते," लव्हॉन म्हणाली. "बरं, त्यांचीच निघाली तर नाव बदलू. बर्फाखालचा म्हातारा करू."

"ठोकायचं तसंच, विचारायचं तेच? नुसती दाढी चिकटवून भागणार नाही."

"आणि आपण कापली तर?"

"तर सुरक्षित. पुस्तक मे महिन्यात छापून हातात."

"म्हातारीशिवाय ते सरोवर म्हणजे नुसतं थंड पाणी," लव्हॉन म्हणाली. "चालत जा, पोचा, औषध द्या. ते तर पोस्टमनचं काम झालं."

"पोस्टमनच्या कामाला काय झालं?" रोली म्हणाला.

"काही नाही, रोली. मासा खा."

इमीने काटा खाली ठेवला. "आणखी एक. मी आधीच सांगायला हवं होतं. मोहिमेत ओसगुडचं थडगं आहे, गावाचं नाव रोलीने ठेवलेलं आहे. टेबलावर ज्याने जे काढलं ते त्याचं, असं कुणी म्हटलं तर मी काय बोलू? म्हणून मला हमीवर दोघांच्या सह्या लागतील."

लव्हॉनने रोलीकडे पाहिलं. "मी म्हातारीसकट सही करीन."

"मी तिच्याशिवाय करीन," रोली म्हणाला. मग बराच वेळ ग्लासमधली चेरी काडीने फिरवत राहिला. "मला दाखव, की ती कुठल्याच पुस्तकात नाही. कुठल्याच. मग मी सही करीन. त्याला शिव्या देईन, पण करीन."

"आणि मला दाखव की आहे," लव्हॉन म्हणाली. "मग मी स्वतः कापीन. तुझी पेन्सिल घेऊन."

"नसलेली गोष्ट नाही हे कसं दाखवायचं?" इमीने विचारलं. दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे तिच्याच दुकानाचं काम आहे. एका अर्थी होतंच. पण तिच्या दुकानात नवी पुस्तकं. जुनी गेली जुन्या सामानाच्या गॅरेज सेलमध्ये, पोटमाळ्यांवर, जावयांच्या घरी.

तर आता असं आहे. पुस्तक तयार आहे. मुखपृष्ठावर शिक्का सरळ बसवलाय, ड्वेनचं नाव त्याहून मोठं आहे. म्हातारीच्या पानावर लाल काट आहे, आणि ती लव्हॉनने खोडरबर फिरवून अर्धवटच पुसलेली आहे, कारण निम्म्यात तिला वाटलं, रोलीचंच खरं असेल. छपाईवाला दर सोमवारी विचारतो. रोली अजून गुरुवारी तळघरात येतो, पण आडोशाच्या समोरच्या खुर्चीवर बसत नाही.

म्हणून तुम्हाला एक काम करायचं आहे. तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली, धाकट्या काकांच्या खोक्यात त्या खेळाची जुनी पुस्तकं असतील, पाण्यातून वाचलेली मासिकं असतील, तर ती खाली काढा. धूळ झटका आणि म्हातारीला शोधा: बर्फाखाली चालणारी, दोनदा सावकाश आणि एकदा झटकन ठोकणारी, जेवलास का विचारणारी. नुसती सूची चाळून सोडू नका, आतली पानं उलटा. सापडली तर कुठलं पुस्तक आणि कितवं पान ते इमी टॉफ्टेच्या दुकानावर, रसीनला, कळवा. नाही सापडली तर तेही कळवा, आणि कुठे कुठे शोधलंत ते नावानिशी लिहा, म्हणजे रोलीला ते दाखवता येईल.

उन्हाळ्यातल्या जत्रेच्या आत बघा, एवढं कराच.